धार लावणाऱ्याचा मुलगा : रौप्यकार जॉर्ज जेन्सन

स्मरणिकेसाठी आम्ही काही लिहून द्यावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा ज्ञातीतील एखाद्या पूर्वसूरीचे चरित्र लिहावे, असे प्रथम मनात आले. परंतु संत नरहरी सोनार, नाना शंकरशेट यांच्याविषयी आपल्या समाजात पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते आमच्याहून अधिकारी लेखकांनी लिहिले आहे. शिवाय गेल्या वर्षी आमच्याच घरात एक प्रसंग घडला व त्यामुळे आमचे लक्ष एका परदेशी कारागिराकडे वळले. तो ना आपल्या ज्ञातीचा, ना आपल्या देशाचा. तथापि शेगडी, फुंकणी आणि ऐरण यांच्या नात्याने तो आपला भाऊबंदच म्हटला पाहिजे. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन सारा जन्म शाळामास्तरकीत घालविलेले आम्ही एक सामान्य वाचक आहो. वाचून जे समजले ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहो.

प्रसंग असा. आमच्या थोरल्या बंधूंची नात रेखाटनकलेचा अभ्यासक्रम पुरा करून घरी आली आणि म्हणाली, "मला नोकरी करायची नाही. मी चांदीचे दागिने घडवून माझ्या स्वतःच्या नावाने विकणार." घरात एकच गहजब झाला. तिचे वडील, म्हणजे आमचे पुतणे, आमच्याकडे येऊन म्हणाले, "काका, ज्या धंद्यातून आजोबांनी आम्हां सर्वांना बाहेर काढले, त्याच धंद्यात ही पुन्हा शिरू पाहते. तुम्ही शिक्षक, तुमचे ती ऐकेल. तुम्हीच तिला दोन शब्द सांगा."

पुतण्याचे बोलणे निराधार नव्हते. ते समजण्यासाठी १९६३ सालाकडे जावे लागेल. चीनच्या आक्रमणानंतर परकीय चलनाची निकड निर्माण झाली आणि त्या वर्षीच्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम अमलात आले. चौदा कॅरेटहून अधिक कसाचा नवा दागिना घडविण्यास बंदी झाली. चौदा कॅरेटचे सोने कठीण. ते हातोडीखाली बावीस कॅरेटसारखे पसरत नाही आणि लग्नकार्यासाठी ते घेण्यास गिऱ्हाईक राजी नव्हते. चौदा कॅरेटची अट पुढे १९६६ मध्ये उठली. परंतु १९६८ मध्ये सुवर्णनियंत्रणाचा कायदाच झाला व तो १९९० साली रद्द होईपर्यंत टिकला. मधल्या काळात देशभर किती शेगड्या विझल्या, हे आपल्या ज्ञातीतील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको.

आमच्या वडिलांचे राजापूरच्या बाजारपेठेतील लहानसे दुकान त्याच लाटेत बंद पडले. आम्ही तेव्हा चार वर्षांचे होतो. वडिलांनी हत्यारे एका लाकडी पेटीत भरून माळ्यावर टाकली आणि एका किराणा दुकानात हिशेब लिहिण्याचे काम धरले. थोरले बंधू मुंबईस कारकून झाले, आम्ही शिक्षक झालो. "ऐरणीला हात लावायचा नाही," हा वडिलांचा शब्द आम्ही दोघांनी पाळला. तो शब्द रागाने उच्चारलेला नव्हता, काळजीने उच्चारलेला होता, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

नातीस उपदेश करण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकावे, म्हणून आम्ही तिला विचारले, "हे वेड तुझ्या डोक्यात कोठून आले?" तिने एका डॅनिश रौप्यकाराचे चित्रमय पुस्तक आमच्या हाती दिले व म्हणाली, "आजोबा, आधी हे वाचा. मग मला रागवा." पुस्तक इंग्रजीत होते. कोश हाताशी घेऊन आम्ही ते वाचले आणि त्यावरून आणखीही काही वाचले. त्यातून जे चरित्र आमच्या ध्यानी आले ते असे :

बालपण आणि उमेदवारी

गेऑर्ग येन्सन (इंग्रजी वळणाने जॉर्ज जेन्सन, येथे आम्ही तेच रूप वापरतो) याचा जन्म ३१ ऑगस्ट १८६६ रोजी डेन्मार्कमध्ये राडवाड या गावी झाला. राजधानी कोपनहेगनच्या उत्तरेस, दाट अरण्याच्या कडेला वसलेले हे लहानसे गाव. तेथे चाकूसुऱ्यांचा एक कारखाना होता व जॉर्जचे वडील त्यात पात्यांना धार लावण्याचे काम करीत. घरची गरिबी, शाळा लवकरच सुटली. परंतु गरिबीबरोबरच त्या मुलाच्या वाट्यास रानातील पाने, फुले, कळ्या, बीजकोश, पक्षी यांचा सहवासही आला. ही ठेव त्याने जन्मभर खर्चिली आणि ती कधी सरली नाही.

तो चौदा वर्षांचा असताना, म्हणजे १८८० च्या सुमारास, कुटुंब कोपनहेगनला आले आणि त्याला एका सुवर्णकाराकडे उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. १८८४ मध्ये उमेदवारी पुरी झाली. येथवरचे चरित्र आपल्याकडील कोणत्याही सोनाराच्या मुलाचे असावे तसेच आहे. परंतु जॉर्जचे मन त्या कामात रमेना. त्याला शिल्पकार व्हावयाचे होते. १८८७ मध्ये कोपनहेगनच्या राजेशाही कला अकादमीत त्याला प्रवेश मिळाला आणि १८९२ मध्ये तो तेथून शिक्षण संपवून बाहेर पडला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळच्या युरोपात शिल्पकार आणि सोनार यांच्यांत मोठे अंतर मानीत. संगमरवरी पुतळा घडविणारा तो कलावंत आणि बांगडी घडविणारा तो केवळ कारागीर, अशी समजूत रूढ होती. म्हणजे सुवर्णकाराचे काम सोडून अकादमीत जाणे ही त्या धार लावणाऱ्याच्या मुलास एक पायरी वर चढण्याची गोष्ट वाटली असल्यास नवल नाही. आपल्याकडेही ऐरण सोडून कचेरीतील खुर्ची धरणाऱ्यास आपण वर चढला असेच म्हणतो. आम्ही स्वतः त्यांपैकी एक आहो.

अपयशाची बारा वर्षे

अकादमीतून बाहेर पडल्यावर जॉर्जच्या वाट्यास मोठी कामे आली नाहीत. पुतळ्यांना आश्रयदाते थोडे आणि घरात खाणारी तोंडे वाढती. १८९७ मध्ये त्याची पत्नी वारली; दोन लहान मुलगे मागे राहिले. पोटासाठी त्याने चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात नमुने घडविले. पुढे योआकिम पेटरसन या मित्राबरोबर १८९८ च्या सुमारास मातीकामाचा स्वतःचा लहानसा उद्योग काढला. या दोघांची 'रांजणावरील कुमारी' ही मृत्तिकाकृती १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली व जाणकारांनी तिची वाखाणणी केली. परंतु वाखाणणीने कर्ज फिटत नाही; तो उद्योग चालला नाही.

याच सुमारास अकादमीच्या शिष्यवृत्तीवर त्याला फ्रान्स आणि इटली येथे प्रवास करण्याची संधी मिळाली. त्या वेळी पॅरिसमध्ये रने लालिक या जवाहिऱ्याच्या नावाचा मोठा बोलबाला होता. लालिक याने शिंग, मीना, काच अशा हलक्या द्रव्यांतून असे अलंकार घडविले की हिऱ्यामोत्यांचे अलंकार त्यांच्यापुढे फिके पडावेत. तिकडे इंग्लंडात रस्किन व विल्यम मॉरिस यांनी यंत्राने काढलेल्या निर्जीव मालाविरुद्ध आवाज उठविला होता. हाताने केलेल्या कामाची प्रतिष्ठा पुन्हा स्थापन व्हावी आणि सुंदर वस्तू केवळ राजवाड्यांत न राहता सामान्य माणसाच्या घरी यावी, हा त्यांच्या शिकवणुकीचा सारांश होता. डेन्मार्कमध्ये या विचारास 'स्क्योनव्हिर्क', म्हणजे 'सुंदर काम', असे नाव पडले.

या चळवळीशी आपल्या देशाचाही धागा जुळलेला आहे. मॉरिसच्या परंपरेतील ॲशबी या इंग्रज गृहस्थाने १८८८ मध्ये लंडनला कारागिरांचा संघ स्थापन केला होता. डॉ. आनंद कुमारस्वामी यांचा ॲशबीशी निकटचा संबंध होता आणि कुमारस्वामींच्या 'द इंडियन क्राफ्ट्समन' या १९०९ सालच्या पुस्तकास ॲशबीनेच प्रास्ताविक लिहिले. म्हणजे युरोपातील विचारवंत ज्या प्रकारच्या कारागिराचा शोध घेत होते, त्याचे जिवंत उदाहरण त्यांना हिंदुस्थानातील गावोगावच्या सुतार, विणकर आणि सोनारांत दिसत होते. ज्या वारशाचे बाहेरच्यांना एवढे अप्रूप वाटले, तो आपण कोणत्या भावाने विकला, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

ब्रेडगाडे, क्रमांक ३६

१९०१ मध्ये जॉर्ज जेन्सन मोएन्स बालीन याच्या कार्यशाळेत दाखल झाला. बालीन हा मूळचा चित्रकार. साध्या धातूंतून सुबक आणि परवडणाऱ्या वस्तू घडवाव्यात, या ध्यासाने त्याने धातुकामाची कार्यशाळा काढली होती. येथे जेन्सनने पुन्हा हातोडी धरली. मात्र आता हातोडी धरणारा हात शिल्पकाराचा होता. त्यापूर्वी १८९९ मध्येच त्याने 'आदाम आणि हव्वा' हे चांदीचे कंबरपट्ट्याचे बक्कल घडविले होते. पुतळ्यात जो डौल आणावयाचा, तो तळहातावर मावणाऱ्या वस्तूतही आणता येतो, हे त्यात दिसून आले.

१९ एप्रिल १९०४ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, जेन्सनने कोपनहेगनमधील ब्रेडगाडे या रस्त्यावर ३६ क्रमांकाच्या जागेत आपली स्वतःची लहानशी कार्यशाळा उघडली. हाताखाली मोजकीच माणसे होती आणि भांडवल बेताचे होते. सोन्याहिऱ्यांचा साठा करण्याची ऐपत नव्हती. त्याने चांदी घेतली आणि तृणमणी, चंद्रकांत, पोवळे, मॅलाकाईट असे कमी मोलाचे खडे घेतले. खड्यांना पैलू न पाडता ते घोटून गोलसर ठेवले, म्हणजे ते दवबिंदूसारखे किंवा रानातील फळासारखे दिसत. कोपनहेगनच्या मध्यमवर्गीय स्त्रियांना, ज्यांना हिऱ्याचा अलंकार घेणे कधीच शक्य नव्हते, असा दागिना प्रथमच परवडू लागला.

आता धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट सांगतो. चांदीचा पत्रा ऐरणीवर ठोकताना हातोडीचे जे बारीक ठसे उमटतात, ते घासून व जिल्हई देऊन नाहीसे करणे ही सर्वसाधारण रीत. जेन्सनने ते मंद ठसे राखले. चांदीच्या खोलगट भागांत काळपटपणा राहू देऊन उंच भाग तेवढा उजळला, त्यामुळे पाकळी पत्र्यावर उमलल्यासारखी दिसू लागली. यंत्राने काढलेल्या गुळगुळीत मालावर माणसाच्या हाताची खूण नसते. जेन्सनच्या दागिन्यावर ती डोळ्यांना दिसत असे आणि लोक त्या खुणेसाठी पैसे मोजीत. चांदीचे वजन किती, हा प्रश्न मागे पडला. ज्याला आपण घडणावळ म्हणतो, तीच खरी किंमत ठरली.

पुढील भरभराट थोडक्यात सांगतो. १९०५ मध्ये त्याने मॅग्नोलियाच्या कळीने सजविलेली चहादाणी घडविली व तेथून भांड्यांचे काम वाढले. १९०९ मध्ये बर्लिनला दुकान निघाले. १९१० च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनात अमेरिकेतील धनाढ्य वृत्तपत्रमालक हर्स्ट याने त्याच्या मालाची मोठी खरेदी केली. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला दुकान उघडले. योहान रोडे या चित्रकारास त्याने सहकारी म्हणून जोडून घेतले. रोडेने १९१५ मध्ये रेखाटलेले काटेचमचे आजही त्या पेढीत विकले जातात. सहकाऱ्याने केलेले रेखाटन सहकाऱ्याच्याच नावाने ओळखले जावे, ही रीत त्या पेढीत रुजली. आपल्याकडे नगावर पेढीचा छाप असतो. आत बसून डोळे फोडणाऱ्या कारागिराचे नाव गिऱ्हाइकास ठाऊक नसते.

चरित्राची दुसरी बाजूही लपवू नये. धंदा वाढला तसे भांडवल लागले, पेढीची कंपनी झाली आणि कारभार भांडवल घालणाऱ्यांच्या हाती गेला. पंचविसाच्या सुमारास जेन्सन पॅरिसला निघून गेला व वर्षभरात परत आला. स्वतःच्या नावाच्या पेढीत आपलाच शब्द चालेनासा व्हावा, हे दुःख थोडे नव्हे. २ ऑक्टोबर १९३५ रोजी तो निधन पावला. सोरेन हा त्याचा पुत्र पुढे शिल्पकार आणि रौप्यकार म्हणून नावास आला. पेढीचे मालक पुढे अनेकदा बदलले. २०२३ मध्ये ती फिनलंडच्या फिस्कार्स या समूहाने विकत घेतली. घराण्याच्या हातून मालकी गेली, परंतु दागिन्यावरचे नाव मात्र त्या धार लावणाऱ्याच्या मुलाचेच राहिले.

खरी स्फूर्ती कोणती?

जेन्सनला पेढी काढण्याची स्फूर्ती कोठून मिळाली, असे कोणी विचारल्यास राडवाडचे रान, अकादमीचे शिक्षण आणि मॉरिसप्रभृतींचे विचार ही तीन उत्तरे देता येतील व ती तिन्ही खरी आहेत. परंतु आमच्या अल्पमतीस आणखी एक उत्तर दिसते. ज्या धंद्यास तो कमी लेखून सोडून गेला होता, त्याच धंद्यात तो बारा वर्षांच्या ओढाताणीनंतर परत आला आणि परत येताना बाहेर शिकलेले सर्व काही बरोबर घेऊन आला. चौदाव्या वर्षी शिकलेली हातोटी आणि अकादमीत कमावलेली दृष्टी यांची गाठ पडली तेव्हाच ती पेढी जन्मास आली. तो नुसता सोनार राहिला असता तर उत्तम कारागीर म्हणून संपला असता; नुसता शिल्पकार राहिला असता तर कदाचित आज त्याचे नावही कोणास ठाऊक नसते.

ही गोष्ट आपणांस परकी वाटू नये. आपल्या बायाबापड्यांच्या गळ्यातील अलंकारांची नावे आठवून पाहा : बकुळीहार, बोरमाळ, चाफेकळी, जवमणी, पोहेहार. बकुळीचे फूल, बोर, चाफ्याची कळी, शेतातले जव, घरातले पोहे, हे सर्व पाहून ज्यांनी सोन्यात उतरविले, ते आपलेच पूर्वज. जेन्सनला जे रानात सापडले ते त्यांना परसदारी सापडले होते. उणीव दृष्टीची नव्हती, ती हिशेबाची होती. आपण दागिना वजनावर विकला व घडणावळीबद्दल घासाघीस मुकाट्याने सोसली. म्हणून सोन्यावर नियंत्रण येताच आपल्या हाती काहीच उरले नाही. कारण आपण स्वतःची किंमत सोन्याच्या किमतीत मिसळून टाकली होती. नियमांनी पुष्कळ हानी केली हे खरे. परंतु ही चूक आपली होती, हेही कबूल केले पाहिजे.

आम्ही नातीस काय सांगितले

पुस्तक परत करताना आम्ही नातीस रागावलो नाही. तिला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, रेखाटन कितीही उत्तम असले तरी स्वतः वर्षभर तरी एखाद्या जुन्या कारागिराजवळ बसून हातोडी, कानस आणि फुंकणी शिकावी. जेन्सनच्या कीर्तीखाली त्याची उमेदवारी आहे. दुसरी, जमाखर्च आपल्या हाती ठेवावा आणि कर्ज बेताने काढावे. जेन्सनचे जे झाले ते विसरू नये. तिसरी, ज्याच्या हातून नग घडेल त्याचे नाव सांगण्यास लाजू नये. पुतण्यास एवढेच म्हणालो, "तुझ्या आजोबांनी आम्हांला धंद्यातून बाहेर काढले ते आम्ही उपाशी मरू नये म्हणून. ही परत जाते ती उपाशी मरण्यासाठी नव्हे." तो काही वेळ गप्प बसला. त्याची संमती अजूनही पूर्ण आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु विरोध मावळला आहे.

माळ्यावरची पेटी आम्ही खाली उतरविली. ऐरणीवर गंज चढला होता, चिमटे मात्र चांगले निघाले. जंतराची काही भोके बुजली होती. ती नातीने बसून मोकळी केली. वडिलांचा शब्द आम्ही साठ वर्षांहून अधिक काळ पाळला. आता तो मोडला, असे मन म्हणत नाही. त्यांची काळजी खरी होती. आता ती काळजी वाहण्याची रीत बदलली पाहिजे, एवढेच.

शेवटी मंडळास एक विनंती. आपण दरवर्षी वैद्यक, अभियांत्रिकी आणि परीक्षांत उज्ज्वल यश मिळविणाऱ्या मुलामुलींचा सत्कार करतो व तो योग्यच आहे. त्याच समारंभात अलंकाररेखाटन किंवा धातुकाम शिकणाऱ्या एका मुलास किंवा मुलीस शिष्यवृत्ती द्यावी आणि ज्ञातीतील जे वृद्ध कारागीर अजून हयात आहेत त्यांच्याजवळ बसून शिकण्याची सोय करावी. त्या वृद्धांचे हात आणखी फार वर्षे पुरणार नाहीत. ते थांबण्यापूर्वी ही सोय व्हावी, एवढीच ज्ञातिबांधवांच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.